वीस पावलांवरची बाई

आसुबेन्सो
११ जानेवारी २०१४

प्रिय आफ्रिये,

मामाचा आशीर्वाद. ओवुसूच्या गाडीनं मिलोचा डबा पाठवतो आहे. आत मिलो नाही, उगाच चमचा घालू नकोस. कापसात गुंडाळून तू दिलेली दोन्ही कानाची मशीनं ठेवली आहेत. ती बिघडली आहेत.

फोन का नाही केला, असं तू विचारशीलच. बाळ, फोनवर मला तुझा श्वास ऐकू येतो, शब्द येत नाहीत. त्यापेक्षा कागद बरा. कागद पुन्हा वाचता येतो, आणि सारखं 'काय? काय?' करावं लागत नाही.

तर बिघाड असा. घरी मशीनं उत्तम चालतात. बोकड कसावाची सालं चघळतो ते ऐकू येतं, तुझी मामी शेजारणीला माझ्याबद्दल काय काय सांगते तेही ऐकू येतं. (ते ऐकू न येण्यातच सुख होतं.) पण नव्या दरबारात पाऊल टाकलं की पिंपात बसून बाहेरचं बोलणं ऐकावं तसं होतं. आवाज भरपूर येतो, बोलणं काही केल्या येत नाही.

तू कुमासीत राहून विसरली असशील म्हणून सांगतो, माझं कामच ऐकण्याचं आहे. आपल्यात राजा लोकांशी थेट बोलत नाही आणि लोक राजाशी थेट बोलत नाहीत. मध्ये मी, राजाचा ओच्यामे, सोन्याच्या मुठीची काठी घेऊन उभा. फिर्यादी मला सांगतो, मी नानांना, म्हणजे आपल्या राजांना, सांगतो. नाना आपल्या हळू आवाजात दोन शब्द बोलतात, कारण राजानं आवाज चढवायचा नसतो, आणि त्या दोनाचे बारा करून मी लोकांना ऐकवतो. नुसतं पोपटासारखं म्हणायचं नसतं. म्हणी पेरून, गोड करून म्हणायचं. आणि एकदा माझ्या तोंडून निघालं की ते झालं. 'मी असं म्हटलंच नव्हतं' असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

नवा दरबार तू पाहिलेला नाहीस. हॅम्बुर्गला वीस वर्षं राहून आलेल्या ट्विनेबोआनं बांधून दिला. खाली चकचकीत फरश्या, भिंतींनाही फरश्या, खिडक्यांना काचा, आणि छत इतकं उंच की वरची पाल खाली मुंगीएवढी दिसते. जुन्या अंगणात फिर्यादी पाच पावलांवर उभा राहायचा. आता दरबार वाढला तसा मानही वाढला, माणूस वीस पावलांवर उभा राहतो. शेजारगावचे राजे येऊन बघून जातात आणि घरी जाऊन जेवत नाहीत, असं म्हणतात.

तेव्हा पुढच्या अदाएच्या सणाच्या दरबाराआधी मला जास्त ताकदीची मशीनं पाठव. काठी चार पिढ्या आपल्या घरात आहे, माझ्या हातात एकतीस वर्षं. नव्या दमाच्या दोघा-तिघांचा तिच्यावर डोळा आहे, आणि माझ्या कानांकडे ते जरा जास्तच बघायला लागलेत.

तुझा मामा,
क्वाबेना ओबिरी

•

कुमासी
१९ जानेवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. आणि आता रागावणार आहे, तेव्हा आधी बसून घ्या.

तुमची दोन्ही मशीनं मी स्वतः तपासली. दवाखान्यातल्या यंत्राला लावून तपासली, मग माझ्या वरिष्ठांकडून पुन्हा तपासून घेतली. ठणठणीत आहेत. नळीत मळ होता तो काढला. तो किती होता ते आईला सांगितलेलं नाही, हे माझे उपकार समजा.

नोव्हेंबरमध्ये तुम्ही इथं आला होतात तेव्हा आमच्या तपासणीच्या खोलीत मी शंभर शब्द म्हटले होते, त्यातले चौऱ्याण्णव तुम्ही बरोबर सांगितलेत. तुमच्याहून वीस वर्षांनी लहान माणसांना तेवढे येत नाहीत. मग दरबारातच मशीन बिघडतं, घरी नाही, हे कसं? आई म्हणाली, "मी सांगते कसं. माझा भाऊ दरबारात मशीन घालतच नसेल. खांद्यावर भरजरी केन्तेचं वस्त्र, हातात सोन्याची मूठ, आणि कानात प्लास्टिक? तो ते कमरेच्या गाठीला बांधून ठेवत असेल." मला आईचं पटलं. नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत. लाज कसली वाटते, मामा? नाना डोळ्यांना चष्मा लावतातच ना?

तरी तुमच्या समाधानासाठी आवाज दोन घरं वाढवून दिला आहे. मशीनं कानात घाला. कमरेला नको.

तुमची लाडकी (अजूनही असेन तर),
आफ्रिये

•

आसुबेन्सो
३ फेब्रुवारी

आफ्रिये,

लाडकी आहेस की नाही ते अजून ठरवायचं आहे.

मी मशीनं घालतो. तुझ्या आईला सांग, लहानपणी तिनं फुफूच्या उखळात शेण घातलं होतं आणि मार मी खाल्ला होता, तेव्हापासून तिचे अंदाज मी मनावर घेत नाही.

आवाज वाढवलास त्यानं दुखणं दुप्पट झालं. आधी पिंपात एक माणूस बोलत होता, आता दहा बोलतात. त्यात ट्विनेबोआनं माझी अडचण कळल्यासारखा चेहरा करून दरबारात चार भोंगे बसवले. "ओच्यामे, आता देवालाही ऐकू जाईल," म्हणाला. देवाला जात असेल. मला तर नानांचा खोकला चार भिंतींवरून चार वेळा ऐकू येतो आणि वाटतं, नानांना क्षय झाला.

आणि तुझ्या त्या चौऱ्याण्णव शब्दांचं कौतुक मला सांगू नकोस. तुझी तपासणीची खोली म्हणजे काय, कोंबडीचं खुराडं! भिंतींना गाद्या, खाली गालिचा, तू समोर हाताच्या अंतरावर. तिथं तर माझ्या आजोबांनाही ऐकू आलं असतं, आणि ते जाऊन पन्नास वर्षं झाली.

परवा अदाएचा दरबार झाला. तुला काळजी नको म्हणून सांगतो, मी सगळं निभावलं. एक बाई आली होती, पुष्कळ वेळ बोलली, हळू बोलली, मध्ये रडली. मी तिचं म्हणणं नानांना असं रंगवून सांगितलं की दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. नाना खूश, पंच खूश. बाहेर येताना लोक म्हणाले, ओच्यामे, आज तुमच्या जिभेवर मध होता. अनुभव म्हणतात तो हाच. कान गेले तरी तो जात नाही.

तुला फक्त एक विचारतो. याहून चांगलं मशीन असतं का?

तुझा मामा

•

कुमासी
१० फेब्रुवारी

प्रिय मामा,

मी माफी मागते. आईसुद्धा मागते आहे, पण शेणाचं प्रकरण तुम्हीच केलं होतं असं तिचं म्हणणं आहे. ते भांडण तुम्ही दोघं बघून घ्या.

तुमचं 'कोंबडीचं खुराडं' वाचलं आणि मी खुर्चीतून उठलेच. सहा वर्षं मी लोकांचे कान त्या खुराड्यात तपासते आहे, आणि बाहेर ते कुठल्या खोलीत ऐकणार आहेत हे एकालाही विचारलेलं नाही. गाद्यांच्या खोलीत पास करायचं आणि फरश्यांच्या खोलीत पाठवायचं! नवं मशीन नको. आवाज मी पुन्हा कमी करून देईन. आधी मला दोन गोष्टी हव्यात.

एक, कुठं कुठं बोलणं कळतं आणि कुठं नाही, ते लिहून पाठवा. जागा लिहा, माणसं नको. दुसरं, दरबार रिकामा असताना मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि ती पूर्ण विरेपर्यंत सावकाश आकडे मोजा. कुणी बघितलं तर पूर्वजांसाठी करतो आहे म्हणून सांगा, तुम्हाला सगळं शोभतं.

आणि मामा, त्या बाईचं म्हणणं तुम्हाला ऐकू आलं होतं ना?

आफ्रिये

•

आसुबेन्सो
१ मार्च

प्रिय आफ्रिये,

लाडकी आहेस. ठरलं.

टाळी वाजवली. अगं, ती जाईचना! एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं, तरी बाईसाहेब छताला लोंबकळतच होत्या. मी थक्क होऊन आणखी एक वाजवली. तेवढ्यात झाडूवाली आली आणि हात जोडून उभी राहिली. तिला वाटलं मी कुणाला तरी बोलावतो आहे. आता गावात बातमी आहे की ओबिरीला पूर्वज टाळ्या वाजवून उत्तर देतात. माझा मान वाढला आहे.

जागांचं सांगतो. स्वयंपाकघरात कळतं. कडुनिंबाखाली कळतं, जुन्या अंगणात सगळ्यात चांगलं कळतं. चर्चमध्ये नाही कळत, पण तिथं काय सांगतात ते मला पाठ आहे. शाळेच्या नव्या वर्गात नाही. दरबारात मुळीच नाही.

पण ऐक, एक चमत्कार झाला. मागच्या शनिवारी राजमातेच्या थोरल्या बहिणीचा अंत्यविधी होता, आणि मोठं माणूस म्हणून सगळा सोहळा दरबारात ठेवला. काय थाट! भिंतींवर छतापासून जमिनीपर्यंत काळं आणि लाल कापड, खाली चटया, आणि सहाशे माणसं मांडीला मांडी लावून. आणि आफ्रिये, मला ऐकू आलं! शब्द न् शब्द. पलीकडच्या रांगेत दोघी जणी अंत्यविधीच्या जेवणातल्या गोगलगायी किती लहान होत्या यावर बोलत होत्या, तेही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, ओच्यामे किती हळवे. मी मनात म्हटलं, म्हातारीनं जाता जाता माझे कान बरे केले. तिच्या नावानं जमिनीवर श्नॅप्सची दारू शिंपडली, जरा जास्तच शिंपडली.

सोमवारी कापड काढलं आणि पुन्हा पिंप. म्हातारीचा प्रसाद दोनच दिवसांचा होता म्हणायचा.

तुझा मामा

ता. क. दुसरं जे विचारलं होतंस त्याचं उत्तर पुढच्या पत्रात. ओवुसू भोंगा वाजवतो आहे.

•

कुमासी
७ मार्च

प्रिय मामा,

म्हातारीला माझाही नमस्कार, पण कान तिनं नाही, तिच्या कापडानं बरे केले.

बघा कसं आहे. माणूस बोलला की त्याचा आवाज एकदा सरळ तुमच्याकडे येतो, आणि मग भिंती, फरश्या, छत अशा सगळीकडे आपटून पुन्हा पुन्हा येतो. तुमच्या दरबारात तो तीन सेकंद फिरत राहतो. एक शब्द बोलायला पाव सेकंद लागतो. म्हणजे माणूस दहाव्या शब्दावर पोचला तरी त्याचा पहिला शब्द अजून छताला लोंबकळतो आहे, आणि सगळे एकमेकांच्या अंगावर पडतात. तरुण कान सरळ आलेला आवाज धरतात आणि मागून येणारा बाजूला सारतात. थकलेल्या कानांना ते जमत नाही. आणि मशीन तर बिचारं भोळं, दोन्ही मोठे करून देतं. म्हणून मी आवाज वाढवला तेव्हा वाईट झालं, आणि ट्विनेबोआंच्या भोंग्यांनी त्याहून. अंगण खरंच वाकडं होतं, मामा. मीच तुम्हाला नाच शिकवत होते.

कापड, चटया आणि सहाशे माणसांची अंगं आवाज पिऊन टाकतात. जुन्या अंगणाला छतच नाही, तिथं आवाज वर निघून जातो. आणि अंतर! पाच पावलांवर सरळ आलेला आवाज जोरात असतो. वीस पावलांवर उरतो तो सगळा भिंतींचाच. लोक तुम्हाला मान द्यायला जितके मागे सरकतात तितके तुमच्यापासून तोडले जातात.

उपाय साधा आहे. भिंतींवर जाड कापड, खाली चटया, भोंगे बंद, माणूस पाच पावलांवर. आणि सावकाश, थांबून थांबून बोललं की आधीचे शब्द विरायला वेळ मिळतो.

ओवुसूचा भोंगा मला पत्रातूनसुद्धा खोटा वाटला. त्या बाईचं काय झालं?

आफ्रिये

•

आसुबेन्सो
२८ मार्च

प्रिय आफ्रिये,

तीन आठवडे हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे. आज तुझी मामी म्हणाली, कागद संपायच्या आत पाठवा.

मला त्या बाईचं काहीच ऐकू आलं नव्हतं. एक शब्दही नाही. ती वीस पावलांवर उभी होती, तोंड हलत होतं, डोळे पुसत होती, आणि माझ्या कानात नुसता गलका. तिचं नाव आबेना पोमा. नवरा सव्वा वर्षापूर्वी गेला. नवऱ्याचं कोकोचं शेत आपल्या रीतीप्रमाणं त्याच्या भाच्याकडे, त्या आन्तवीकडे गेलं. विधवा दरबारात येते ती शेतातला वाटा मागायला, एकतीस वर्षं मी हेच बघत आलो आहे. मी तेच सांगितलं. "नाना, ही म्हणते, कोकोची झाडं मी लावली, पाणी मी घातलं, आता सावलीसुद्धा माझी नाही का?" सुंदर बोललो मी. नानांनी तिसरा हिस्सा देवविला. ती काही बोलली नाही. वाकून नमस्कार केला आणि गेली. काय बोलणार? ओच्यामेच्या तोंडून निघालं ते झालं.

आता तुझ्या मामीला बाजारात कळलं की पोमानं शेत मागितलंच नव्हतं. काय मागितलं होतं ते ती कुणाला सांगत नाही. दरबारानं दिलेलं नाकारलं तर नानांचा अपमान, म्हणून ती दुखऱ्या गुडघ्यांनी रोज चार मैल चालत त्या शेतात जाते. काल मला वाटेत भेटली. अजून काळ्या लुगड्यात आहे. मला बघून वाटेतून बाजूला झाली, मान खाली घालून. आफ्रिये, मला तिथंच जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं.

आणि ती एकटी नाही. नवा दरबार उघडल्यापासून नऊ फिर्यादी मी अशाच सांगितल्या. काही अंदाजानं बरोबर आल्या असतील. माझी जीभ इतकी चांगली की कुणाला संशयच आला नाही.

मला हे विचारायचं आहे. तुझ्या सांगण्याप्रमाणं मी दरबारात कापड लावून घेतो, चटया घालतो. शोभेसाठी म्हणून सांगेन. पुढं सगळं नीट ऐकू येईल. मग मागचं उकरलं नाही तर चालणार नाही का? नानांना सांगितलं तर काठी जाईल. रागावू नकोस. ती काठी गेली तर मी कोण, हे मला खरंच माहीत नाही.

तुझा मामा

•

कुमासी
२ एप्रिल

मामा,

रागावलेली नाही. पत्र वाचून रडले, मग आईला वाचून दाखवलं.

नाही चालणार.

मीही चुकले होते. तुम्ही जानेवारीतच 'ऐकू येत नाही' म्हणालात आणि मी ऐकून न घेताच निकाल दिला, घालत नसाल म्हणून. तुम्ही पोमाचं केलंत तेच मी तुमचं केलं. पण तुम्ही मला परत लिहू शकलात. तिला ती सोय नाही. तिचं म्हणणं फक्त तुमच्याच तोंडून जाऊ शकतं.

माफीची म्हणून श्नॅप्सची बाटली घ्या आणि नानांकडे जा. आई म्हणते, चांगली घे, स्वस्तातली नको.

आफ्रिये

•

आसुबेन्सो
२४ एप्रिल

प्रिय आफ्रिये,

चांगली घेतली.

सकाळी गेलो. नाना एकटेच जुन्या अंगणात बसून संत्रं सोलत होते. मी चपला काढल्या, खांद्यावरचं वस्त्र कमरेपर्यंत उतरवलं, बाटली ठेवली, काठी त्यांच्या पायाशी आडवी केली आणि सगळं सांगितलं. पोमाचं आणि आठ जणांचंही. एकही म्हण घातली नाही, सुचलीच नाही.

नानांनी हातातलं संत्रं खाली ठेवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. बघतो तर हसताहेत! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "ओबिरी, तुला ऐकू येत नव्हतं? अरे गाढवा, मला तरी कुठं येत होतं! फिर्यादी सोड, तिथं मला तुझंसुद्धा निम्मं कळत नाही. मी तुझ्या तोंडाकडे बघून मान हलवतो. म्हटलं, आपला ओबिरी आहे, त्यानं नीट ऐकलं असणार."

मी म्हटलं, "आणि पंच?"

"पंच माझी मान बघून माना हलवतात."

म्हणजे सहा महिने आसुबेन्सोचा कारभार असा चालला होता. भोंग्यांतून देवाला तेवढा ऐकू जात होता.

पण मग ते हसायचे थांबले. म्हणाले, "माझं हसू मला परवडतं, पोमाला नाही." काठी उचलून त्यांनी आपल्याजवळ ठेवून घेतली. नऊही फिर्यादी पुन्हा ऐकायच्या, जुन्या अंगणात, माणूस पाच पावलांवर. तू रिकाम्या हातांनी उभा राहा, म्हणाले, काठीचं नंतर बघू. ट्विनेबोआला बोलावून सांगितलं की दरबाराची शोभा अपुरी आहे, जाड मखमलीचे पडदे हवेत, आणि ते हॅम्बुर्ग पाहिलेल्या माणसाशिवाय कुणाला निवडता येणार? तो छाती फुगवून गेला. जाताना भोंगे स्वतःच उतरवून घेऊन गेला, पडद्यांपुढे शोभणार नाहीत म्हणाला. राजा उगाच राजा नसतो बघ.

तिथून मी पोमाच्या घरी गेलो. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी क्षमा मागितली, सगळं खरं सांगितलं. तिनं मला बसायला चौरंग दिला, पाणी दिलं. मग म्हणाली, "ओच्यामे, त्या दिवशी तुम्ही इतकं छान बोललात, की मला वाटलं माझंच चुकलं असेल. मलाच शेत हवं असेल." एकतीस वर्षांत माझ्या बोलण्याची पुष्कळ तारीफ झाली आहे, आफ्रिये, पण इतकं कुठलंच लागलं नाही.

मागच्या शुक्रवारी अंगणात दरबार भरला. सगळा गाव लोटला होता, आणि माझे हात रिकामे. पोमा पाच पावलांवर उभी राहिली आणि बोलायला लागली. तिचा आवाज आधीच बारीक, त्यात मागच्या रांगेत कुणी शिंकलं, आणि अर्धं वाक्य निसटलं. तोंडात एक छानशी म्हण तयारच होती. मी ती गिळली आणि सगळ्या गावासमोर म्हटलं, "ऐकू आलं नाही, पोमा. पुन्हा सांग."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. ओच्यामे असं म्हणत नसतो. मग मागून म्हातारा मेन्सा ओरडला, "आम्हालाही नाही आलं!" आणि लोक हसायला लागले. पोमासुद्धा हसली. तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश.

तिचं सुतकाचं वर्ष डिसेंबरातच संपलं होतं. काळं उतरवून पांढरं नेसवायचं आणि सुनेला मोकळं करायचं हे सासरच्यांचं काम. आन्तवीचे लोक ते आज-उद्या म्हणत ढकलत होते, कारण तिच्याइतकं चांगलं कोको वाळवणारं त्यांच्या घरात कुणी नाही. ती एवढंच मागत होती, मोकळं होऊन माहेरच्या माणसांकडे परत जायचं. आणि आम्ही तिला शेताचा तिसरा हिस्सा देऊन आणखी घट्ट बांधलं होतं. तिनं काळं नेसलेलं सगळ्या दरबाराला दिसत होतं, त्याला तरी कान लागत नव्हते.

मी नानांकडे वळलो. लोक माना पुढे करून बसले होते, आता ओच्यामे काय रंगवतो म्हणून. मी म्हटलं, "नाना, हिला घरी जायचंय." एवढंच. एकतीस वर्षांत मी इतकं थोडं कधी बोललो नव्हतो.

नानांनी आन्तवीला तिथंच उभं केलं. रविवारी पोमा पांढरं नेसली. शेताचा हिस्सा तिनं हसत हसत परत केला. उरलेल्या आठांपैकी पाच जणांचं मी बरोबर सांगितलं होतं असं निघालं, तिघांचे निकाल फिरले. सगळं आटोपल्यावर नानांनी काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घे. 'पुन्हा सांग' म्हणायची लाज वाटली तर परत आणून दे."

पोमा काल सकाळी तिच्या बहिणीकडे गेली, तेचिमानला. मी आणि तुझी मामी तिला पोचवायला गाडीतळावर गेलो होतो. ओवुसूनं इंजिन चालू केलं, तिकडे कोंबड्यांचे पिंजरे चढत होते, कुणीतरी पाव विकत ओरडत होतं. पोमा खिडकीतून काहीतरी म्हणाली. पूर्वी मी हसून मान हलवली असती आणि हात वर केला असता. मी थेट खिडकीपाशी गेलो, कान तिच्या तोंडाजवळ नेला आणि म्हटलं, "पुन्हा सांग."

म्हणाली, "माझी पांढरी कोंबडी तुमच्या अंगणात सोडली आहे. तिला कापू नका, ती रोज अंडं देते."

बरं झालं विचारलं. तुझी मामी तिला रविवारच्या रश्श्यात घालणार होती.

तुझा मामा,
ओच्यामे क्वाबेना ओबिरी